निवृत्त होणाऱ्या नायब तहसीलदारांचं मानपत्र कसं लिहावं?

तुमचा प्रश्न असा: लातूर जिल्ह्यातल्या तुमच्या तहसील कार्यालयातले एक नायब तहसीलदार येत्या ३१ मे रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त होताहेत. १९९० साली लिपिक-टंकलेखक म्हणून लागले, मग अव्वल कारकून, शेवटची काही वर्षं नायब तहसीलदार. सगळी नोकरी याच जिल्ह्यात. तुम्ही महसूल सहायक, आणि अक्षर बरं म्हणून मानपत्र आणि प्रास्ताविक दोन्ही तुमच्या गळ्यात पडलंय. शाल, श्रीफळ आणि ‘मनमिळाऊ स्वभाव’ यापलीकडे काही करता येईल का, आणि ते नियमात बसेल का, असं तुम्ही विचारता.

माझी बरीचशी नोकरी आस्थापना शाखेत गेली आणि मानपत्रं लिहायचं काम त्या टेबलाला चिकटूनच येतं. त्यामुळे सविस्तर लिहितो.

सुरुवात मानपत्रापासून करू नका. रावसाहेबांचा, म्हणजे तुमच्या या नायब तहसीलदारांचा, निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव कुठे आहे ते आजच विचारा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे कार्यालयानं निवृत्तीच्या दोन वर्षं आधी तयारीला लागायचं असतं, आणि कागद सहा महिने आधी महालेखापालांकडे गेलेले असायला हवेत. मराठवाड्याचे प्रस्ताव नागपूरला जातात. प्रत्यक्षात सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडेच उशिरा पोचतं. मग पाचव्या वेतन आयोगाच्या वेळची वेतननिश्चिती चुकल्याचा आक्षेप येतो, मधल्या एखाद्या वर्षाची सेवा पडताळणीची नोंदच सापडत नाही, आणि ज्या तालुक्यात तेव्हा नोकरी होती तिथली वेतन देयकं शोधायला माणूस पाठवावा लागतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांची प्रकरणं मार्गी लावली, तोच निवृत्तीनंतर आपल्याच जुन्या टेबलासमोर ‘माझं कुठपर्यंत आलं?’ म्हणत उभा राहतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की ज्या कार्यालयात शाल भारीची आणि प्रस्ताव अपुरा असतो, तिथल्या समारंभात मला बसवत नाही.

तेव्हा एक यादी करा: महालेखापालांकडचा प्रस्ताव, शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण (कमाल ३०० दिवस), भविष्य निर्वाह निधीचं अंतिम प्रदान, गटविमा, ना-देय प्रमाणपत्र, विभागीय चौकशी नसल्याचा दाखला. ते २००५ च्या १ नोव्हेंबरपूर्वी नोकरीला लागलेले असल्यामुळे जुन्या निवृत्तिवेतन योजनेतच आहेत, त्यामुळे तिथे घोळ नाही. प्रस्तावाला उशीर होणारच असं दिसलं तर तात्पुरत्या निवृत्तिवेतनाची तरतूद नियमांतच आहे. त्याचा आदेश आधी तयार ठेवा. अतिप्रदानाची, म्हणजे चुकून जास्त दिलेल्या पगाराची, वसुली काढली असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा रफीक मसीह प्रकरणातला निर्णय लेखा शाखेला दाखवा. निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याकडून अशी वसुली करता येणार नाही, असं त्यात म्हटलंय. वेतननिश्चितीच्या वेळी ‘जास्त रक्कम मिळाली तर परत करीन’ असं हमीपत्र लिहून दिलेलं असेल तर मात्र प्रकरण इतकं सरळ राहत नाही, म्हणून ते हमीपत्र आहे का तेही बघून ठेवा. कार्यक्रमात निवृत्तिवेतन प्रदान आदेश हातात देता आला, तर माझ्या मते उरलेलं मानपत्र साध्या कागदावर असलं तरी चालेल.

आता तारीख. ३१ मे ही आपल्याकडे निवृत्तीची सर्वांत मोठी तिथी. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याची जन्मतारीख माहीत नाही त्याच्या नावापुढे १ जून लिहून टाकली, आणि १ तारखेला जन्मलेला माणूस ५८ वर्षांचा होतो तेव्हा आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे त्या दिवशी एकट्या तुमच्या तालुक्यात तलाठी, शिक्षक, ग्रामसेवक असे कितीतरी जण बाहेर पडणार. वेळ वाचवायला ‘सर्वांचा एकत्रित सत्कार’ ठेवला जाईल. त्याला विरोध करा. पाच जणांना एका रांगेत उभं करून पाच शाली घातल्या की कोणाबद्दलच काही बोललं जात नाही. एकत्र ठेवणं भागच असेल तर निदान प्रत्येकाबद्दल बोलणारा माणूस वेगळा ठेवा, आणि तो त्याच्यासोबत काम केलेला हवा. दुसरं, यंदा ३१ मे रविवारी येतोय. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, म्हणजे तुमचा शेवटचा कामाचा दिवस शुक्रवार, २९ मे. निवृत्ती मात्र ३१ तारखेलाच, मध्यान्होत्तर. आदेशात २९ लिहून बसू नका.

मानपत्राकडे येऊ. आपल्याकडच्या मानपत्रांचा एक साचा ठरलेला आहे. ‘आपण अत्यंत प्रामाणिक, कर्तव्यदक्ष, हसतमुख व मनमिळाऊ असून आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही.’ हे वाक्य मी स्वतः वाचलेल्या मानपत्रांत इतक्या वेळा आलंय की नाव बदललं तर दुसऱ्याला देता येईल. हीच त्याची परीक्षा समजा: नाव झाकून वाचा, शेजारच्या तालुक्यातल्या माणसालाही लागू पडत असेल तर ते मानपत्र कुणाचंच नाही.

उपाय एकच, कामाचा तपशील. तो सेवापुस्तकातून मिळतो. रावसाहेबांना विचारून, त्यांच्यासमोर बसून सेवापुस्तक पाहा. पहिली नेमणूक कुठल्या शाखेत, बदल्या कुठे कुठे, पदोन्नतीचं वर्ष, आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती मिळाली नाही तरी ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) लाभ कधी, लांब रजा कधी घेतली. पगाराचे आकडे, नामनिर्देशन, घरची माहिती यातलं काही बाहेर जाता कामा नये. गोपनीय अहवालांना हात लावू नका. त्यातलं ‘अत्युत्कृष्ट’ वाचून दाखवायचा मोह काहींना होतो, पण तो वाचून दाखवायचा कागद नाही.

सेवापुस्तक फक्त सांगाडा देतं. १९९० ते आजपर्यंत लातूर जिल्ह्यात महसूल खात्यात असलेल्या माणसासमोरून काय काय गेलं, ते त्या तारखांशेजारी मांडा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्रभर विसर्जनाचा बंदोबस्त. तेव्हा ते तीन वर्षांचे लिपिक होते. कुठे होते? मदत वाटपाच्या याद्या कोणी हातानं केल्या? वारस ठरवताना, अख्खं घर गेलेलं असताना, साक्षीला कोण आलं? पुढे गावं नव्या जागी वसवली गेली, तेव्हा घरवाटपाच्या वादात ते होते का? मग मतपत्रिकांच्या निवडणुका: पेट्या उघडून मतपत्रिका एकत्र मिसळायच्या, गठ्ठे बांधायचे, मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत चालायची. २००४ च्या लोकसभेपासून सगळीकडे मतदान यंत्रं आली. टंचाई शाखेत असतील तर पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, ज्यावरून तेव्हा टंचाई ठरायची) पन्नास पैशांच्या आत की वर, यावरून गावोगावचे लोक कार्यालयात येऊन बसायचे ते दिवस. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती सगळ्या देशानं बघितली; पण त्या उन्हाळ्यात टँकरच्या खेपांच्या नोंदी, अधिग्रहित विहिरींची देयकं आणि विंधन विहिरींचे प्रस्ताव करणारा माणूस कोणत्याच फोटोत नाही. हस्तलिखित सातबाऱ्यांचं संगणकीकरण, ई-फेरफार, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात परराज्यातल्या मजुरांच्या याद्या आणि प्रवासाचे परवाने.

यातलं प्रत्येक काम त्यांनी केलं असेलच असं नाही, आणि न केलेलं त्यांच्या नावावर टाकू नका. समोर बसलेल्या जुन्या सहकाऱ्यांना ते लगेच कळतं आणि मग खरं सांगितलेलंही खोटं वाटायला लागतं. ही यादी त्यांना बोलतं करण्यासाठी आहे. ‘तुमचे छंद काय?’ असं विचारलं की दोन शब्दांत उत्तर येतं. ‘भूकंपाच्या दिवशी सकाळी तुम्हाला निरोप कसा मिळाला?’ असं विचारा आणि वही उघडून बसा. ‘कोणती संचिका अजून आठवते?’ हाही चांगला प्रश्न आहे. महसुलातल्या प्रत्येकाकडे अशी एक संचिका असतेच.

त्यांच्याइतकंच त्यांच्याभोवतीच्या लोकांना विचारा. निवृत्त झालेले जुने शिपाई आणि वाहनचालक सगळ्यात जास्त सांगतात, कारण दौऱ्यावर साहेब लोकांशी कसं बोलतात ते त्यांनीच ऐकलेलं असतं. अभिलेख कक्षातल्या माणसाला विचारा की यांच्या काळातल्या संचिका सापडतात का. सहा गठ्ठा पद्धत, म्हणजे संचिका वर्गवारी करून सहा गठ्ठ्यांत ठेवणं, सगळेच सांगतात. ती पाळणारा अव्वल कारकून कोण होता हे अभिलेखपालालाच माहीत असतं. एखाद्या संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी आजी, एखादा शेतकरी, जुना कोतवाल यांना भेटता आलं तर उत्तम. पण त्यांना व्यासपीठावर आणून रडवू नका. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य, त्यांच्या परवानगीनं, पुरे.

मग मानपत्र असं काहीसं होईल. हा नमुना आहे, तपशील तुमच्या माणसाचे घाला:

‘रावसाहेब, आपण १९९० मध्ये आवक-जावक टेबलावर रुजू झालात. तेव्हा कार्यालयात दोन टंकलेखन यंत्रे होती आणि परिपत्रकांच्या प्रती स्टेन्सिलवर निघत. १९९३ च्या भूकंपानंतर आपण चार महिने मदत वाटपाच्या कामावर होता. वारसांच्या याद्या आपण तीनदा फिरून तपासल्या, कारण एकाच नावाची दोन माणसे एका गावात होती आणि चुकीच्या घरी धनादेश जाऊ नये असे आपल्याला वाटत होते. टंचाई शाखेत आपण टँकरच्या खेपांची नोंदवही रोज संध्याकाळी बंद करत असा. पुढच्या लेखापरीक्षणात त्या वर्षावर आक्षेप आला नाही. आपल्या हाताखाली शिकलेले तीन जण आज इतर तालुक्यांत अव्वल कारकून आहेत आणि टिप्पणी लिहिताना आधी वस्तुस्थिती, मग नियम, मग प्रस्ताव, ही आपली शिस्त पाळतात.’

यात कुठेही ‘प्रामाणिक’ शब्द नाही, तरी ऐकणाऱ्याला तो कळतो. लांबी एका पानाची. वाचायला चार मिनिटांहून जास्त लागत असतील तर कापा. भाषा थोडी भारदस्त चालेल, मानपत्राला ती शोभते. पण ‘ज्ञानसूर्य’, ‘महसूल खात्याचा कोहिनूर’ हे प्रकार फ्लेक्सवाल्यांसाठी सोडा.

अवघड भाग पुढचा. प्रत्येकाची नोकरी गुळगुळीत नसते. मध्ये निलंबन झालं आणि पुढे दोषमुक्त झाले. ज्येष्ठता यादीच्या वादात पदोन्नती कितीतरी वर्षं लांबली. एखाद्या वरिष्ठाशी पटलं नाही म्हणून आडबाजूला बदली. अशा गोष्टींचं काय करायचं? माझं मत असं की निलंबनाचा उल्लेख मानपत्रात करू नये, पण त्या काळाबद्दल खोटंही लिहू नये. ती वर्षं ओलांडून पुढे जावं. पदोन्नती लांबल्याचं मात्र, त्यांची हरकत नसेल तर, जरूर लिहावं. ‘पदोन्नतीचा आदेश उशिरा आला, त्याआधीच्या वर्षांत त्या पदाचं काम आपण अतिरिक्त कार्यभार म्हणून सांभाळलंत’ हे वाक्य लिहिलं तर ज्यांना माहीत आहे त्या सगळ्यांच्या माना हलतात. खात्यानं जे वेळेत दिलं नाही त्याची निदान सहकाऱ्यांनी नोंद घेतली एवढं तरी त्या माणसाच्या हाती लागतं. स्वभाव तापट असेल तर ‘शांत व संयमी’ लिहू नका, हसू होईल. ‘चुकलेल्या टिप्पणीवर आपला आवाज चढत असे आणि संध्याकाळी चहा आपणच सांगत असा’ असं लिहिता येतं, ते खरं असेल तर.

आणि हे पुढच्या वेळेसाठी: बाई निवृत्त होत असतील तर ‘घर-संसार सांभाळून नोकरी केली’ याच एका वाक्यावर अर्धं भाषण जातं. आपल्या मानपत्रांत हे पुरुषांबद्दल कुणी लिहीत नाही. ज्या बाईंनी निवडणूक शाखा चालवली त्यांच्या मानपत्रात निवडणूक शाखाच यायला हवी.

नियमांचं विचारलंत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जाणं, गौरवपत्र स्वीकारणं यावर बंधन आहे; पूर्वपरवानगी लागते. पण निवृत्ती किंवा बदलीच्या वेळी होणारा, मुख्यतः खासगी आणि अनौपचारिक स्वरूपाचा निरोप समारंभ यातून वगळलेला आहे. म्हणजे कार्यालयाच्या सभागृहात, आपापसात, चहा-जेवणासह केलेला कार्यक्रम आणि तिथे वाचलेलं मानपत्र याला अडचण नाही. चौकात मंडप, पुढाऱ्यांची गर्दी, ‘भव्य नागरी सत्कार’ असं रूप आलं की वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या, किंवा तो प्रकार टाळाच.

पैशांबद्दल मी कडक आहे. वर्गणी स्वेच्छेनं, आणि कोणी किती दिले याची यादी फिरवू नका. नायब तहसीलदारांच्या निरोपाला शिपाई आणि कोतवालाकडून ‘पाचशे ठरलेत’ म्हणून मागणं हे गैर आहे. निरोपासाठी दबाव आणून वर्गणी काढायचीच नसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जेवणाचा खर्च कोण करतंय ते बघा. वाळूवाला, रास्त भाव दुकानदार, गौण खनिजाचा ठेकेदार, सेतू केंद्र चालवणारा यांच्यापैकी कोणी ‘साहेबांसाठी आमच्याकडून’ म्हणत पुढे आला तर हात जोडून नाही म्हणा. छत्तीस वर्षं जपलेलं नाव एका दुपारच्या पंगतीत घालवण्यात अर्थ नाही. सोन्याची अंगठी वगैरे नकोच. आवडीचं, वापरात येणारं द्या. एका अव्वल कारकुनाला आम्ही त्यांनी काम केलेल्या तालुक्यांचे जुने छापील नकाशे फ्रेम करून दिले होते. ते त्यांच्या बैठकीत अजून आहेत.

कार्यक्रमाचा क्रम. दुपारी जेवणानंतर ठेवला की सगळे पेंगतात आणि बाहेर दाखल्यांसाठी आलेले लोक ताटकळतात. संध्याकाळी कामकाज आटोपल्यावर ठेवा. बोलणारे चार: तुमचं प्रास्ताविक, एक समवयस्क सहकारी, एक त्यांच्या हाताखाली शिकलेला, आणि तहसीलदार. तहसीलदारांची बदली नुकतीच झाली असेल तर त्यांना रावसाहेबांची ओळख कमी असणार. त्यांच्यासाठी चार मुद्दे आदल्या दिवशी लिहून द्या, नाहीतर ते खात्याच्या योजनांवर बोलतील. संघटनेचा प्रतिनिधी येणारच. त्याला बोलायला द्या, पण आधी नाही. मार्च २०२३ च्या जुन्या पेन्शनच्या संपावर एकदा सुरू झाला की तास जातो. (मुद्दा बरोबर असतो, वेळ चुकते.) घरच्या मंडळींना पुढे बसवा. वहिनींचा सत्कार कसा करायचा ते त्यांना आधी विचारा. सगळ्यांनाच व्यासपीठावर ओटी भरून घेणं आवडतं असं नाही. मुलगा किंवा मुलगी काही बोलणार असेल तर ते मानपत्राच्या आधी घ्या, नंतर सभागृह ऐकण्याच्या अवस्थेत नसतं.

सत्काराला उत्तर देताना बहुतेक जण ‘कळत नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर माफ करा’ म्हणून खाली बसतात. त्यांना आधीच हळूच सांगा, ‘रावसाहेब, आम्हाला एखादं प्रकरण सांगा, कसं सोडवलंत ते.’ अनुभवी माणूस कामाबद्दल बोलायला लागला की त्याला भाषण लागत नाही. ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. नव्या लिपिकांच्या प्रशिक्षणाला उपयोगी पडेल.

शेवटचं काम समारंभाच्या आधीच्या आठवड्यातलं. त्यांच्यासोबत बसून कार्यभार हस्तांतरणाची यादी करा: प्रलंबित प्रकरणं, न्यायालयीन तारखा, स्थायी आदेश संचिका कुठे आहे, कोणत्या कपाटाची किल्ली कुणाकडे. त्यांच्या लॉगिनवर थांबलेले दाखले २९ तारखेला संध्याकाळपर्यंत निकाली निघतील असं बघा. शनिवारी-रविवारी कार्यालय बंद, म्हणून त्यांची डिजिटल स्वाक्षरी आणि सगळी लॉगिन ३१ मे पासून बंद करण्याचं पत्र शुक्रवारीच पाठवा आणि पोच घेऊन संचिकेला लावा, म्हणजे जूनमध्ये त्यांच्या नावानं एकही दाखला निघणार नाही.